सनद, बधाई आणि महामार्ग

साष्टीच्या उत्तर टोकाला, एका अंगास घोडबंदरची टेकडी आणि दुसऱ्या अंगास भाईंदरची मिठागरे अशा सखल प्रदेशात आज हाटकेश या नावाने ओळखली जाणारी जी दाट वस्ती उभी आहे, तिच्या मातीने गेल्या तीनशे वर्षांत पोर्तुगीजांचा, मराठ्यांचा, कंपनी सरकारचा, राणी सरकारचा आणि अखेर स्वराज्याचा असे पाच अंमल पाहिले. चिमाजीअप्पांच्या वसई मोहिमेच्या आरंभी, 1737 साली, साष्टी मराठ्यांच्या हाती आली आणि 1774 च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेईपर्यंत, म्हणजे सुमारे 37 वर्षे, येथील गावांचा वसूल मराठी दफ्तरात जमा होत होता. पुढे शेती, मीठ आणि मासळी यांवर शतकभर निर्वाह करणाऱ्या या पट्ट्यात कारखान्यांचे गाळे आले, हाटकेश उद्योगनगर झाले, 1985 साली मीरा-भाईंदरला नगरपरिषद व 2002 साली महानगरपालिका मिळाली, आणि गाळ्यांच्या आजूबाजूला पाहता पाहता बहुमजली इमारतींचे रान माजले. या सर्व स्थित्यंतरांची नोंद कोठे ना कोठे सापडते. परंतु काशीमिऱ्याच्या नाक्यापासून महामार्गाच्या कडेकडेने, दिवस मावळून वाहनांच्या दिव्यांचीच काय ती रोषणाई उरली म्हणजे, साडी सावरीत आणि पदरात मोबाइल लपवीत गिऱ्हाइकाची वाट पाहणाऱ्या ज्या तृतीयपंथी स्त्रिया उभ्या राहतात, त्या येथवर कशा आल्या, कोणत्या राजवटीने त्यांना काय दिले आणि कोणी काय काढून घेतले, याचा वृत्तांत मात्र कोणत्याही गॅझेटियरात एकत्र लिहिलेला नाही. तो वृत्तांत जुळवून पाहावा, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

हा विचार मनात बळावण्यास निमित्त झाला तो एक अमेरिकन माहितीपट. जानेवारी 2023 मध्ये सनडान्सच्या महोत्सवात प्रथम दाखविला गेलेला आणि तेथे प्रेक्षकांच्या पसंतीचे पारितोषिक मिळविणारा ‘कोकोमो सिटी’ हा चित्रपट डी. स्मिथ या कृष्णवर्णीय पारलिंगी स्त्रीने दिग्दर्शित केला, आणि त्याचे चित्रीकरणही तिने स्वतःच केले. संगीतनिर्मितीच्या क्षेत्रात नावाजलेली ही बाई आपण स्त्री आहोत असे उघडपणे सांगून तसे राहू लागताच त्या क्षेत्राची दारे तिला बंद झाली, आणि त्या विपन्नावस्थेतून हे काम जन्मास आले. न्यूयॉर्क आणि अटलांटा या दोन शहरांत देहविक्रय करून जगणाऱ्या चार कृष्णवर्णीय पारलिंगी स्त्रिया या कृष्णधवल चित्रपटात स्वतःच्या शय्येवर, स्नानगृहात, आरशापुढे बसून स्वतःच्या तोंडाने आपली कथा सांगतात. निवेदक नाही, तज्ज्ञ नाही, कीव करणारा मध्यस्थ नाही. गिऱ्हाईक कोण असतो, तो दिवसा काय बोलतो आणि रात्री काय मागतो, आपल्याच वंशातील लोक आपणांस का दूर लोटतात, आणि हा धंदा सोडायचा तर नोकरी देणार कोण, हे त्या इतक्या नि:संकोचपणे सांगतात की ऐकणाऱ्याची मान खाली जाते. त्यांपैकी कोको दा डॉल या नावाने ओळखली जाणारी तरुणी महोत्सवानंतर तीन महिन्यांनी, एप्रिल 2023 मध्ये, अटलांटात गोळी लागून मरण पावली. जिला पडद्यावर जगाने नुकतेच पाहिले होते, तिचा मृत्यू तिने वर्णिलेल्या भयाचाच पुरावा ठरला.

अमेरिकेतील ही कथा नवी नव्हे. 1836 साली न्यूयॉर्कच्या न्यायालयात मेरी जोन्स नावाच्या एका कृष्णवर्णीय व्यक्तीवर गिऱ्हाइकाचे पैशाचे पाकीट चोरल्याचा खटला चालला. ती रात्री स्त्रीवेषात देहविक्रय करी, आणि न्यायालयातही स्त्रीवेषातच उभी राहिली. मी न्यू ऑर्लिन्सला असाच पोशाख करीत असे आणि आमच्या लोकांत नेहमीच असा वावरत आले, अशा अर्थाची साधी जबानी तिने दिली. प्रेक्षक हसले, एकाने तिचा टोप ओढला, पाच वर्षांची शिक्षा झाली आणि तिला राक्षस ठरविणारे एक शिळाछाप चित्र शहरभर विकले गेले. ती जबानी टिकून राहिली ती केवळ फौजदारी कज्जाच्या कागदांत. म्हणजे गुन्हेगार ठरल्याविना तिचा शब्द लिहून ठेवण्यास कोणी कारकून बसला नव्हता. आपल्याकडील कागद पाहू लागलो म्हणजे याच सुमाराच्या दशकांत मुंबई इलाख्यातही कलेक्टर आणि गव्हर्नराचे कौन्सिल हिजड्यांविषयी पत्रव्यवहार करीत होते असे आढळते. तो पत्रव्यवहार मात्र चोरीचा नव्हता. तो हक्कांविषयी होता, आणि या सर्व इतिहासाचे मर्म तेथे आहे.

मराठी राज्याच्या प्रदेशात हिजड्यांच्या काही टोळ्यांना नेमून दिलेल्या टापूंतील कुणबिकीच्या घरांकडून धान्य आणि थोडी रोकड घेण्याचा वंशपरंपरेने, म्हणजे गुरूकडून चेल्याकडे, चालत आलेला हक्क होता, आणि काहींस जमिनीही इनाम होत्या. गावगाड्याची कल्पना ज्यास आहे त्यास यात नवल वाटणार नाही. सुतार, लोहार, न्हावी, परीट, गुरव यांचे बलुते खळ्यावर ठरलेले असे; त्याखेरीज जोशी, गोंधळी, वासुदेव, पोतराज अशा नाना प्रकारच्या मागत्यांना रयत आपापल्या ऐपतीप्रमाणे देत असे, आणि त्या देण्यास पुण्याबरोबरच वहिवाटीचेही बळ असे. हिजड्यांचे घेणे या व्यवस्थेचाच एक पदर होते. त्यास सरकारी शिक्का लागला होता, एवढेच त्याचे वैशिष्ट्य. वांझ देहात इतरांस संतती देणारा आशीर्वाद वसतो ही श्रद्धा त्यामागे होती, तशीच शापाची धास्तीही होती. परंतु श्रद्धा असो की धास्ती, तिचे रूपांतर सनदेत झाले की मागणारा भिकारी राहत नाही, तो हक्कदार होतो. खळ्यावर उभे राहून आपले माप मागताना त्याची मान ताठ राहते. आज महामार्गावर उभ्या असलेल्या बाईकडे आणि तिच्या त्या दूरच्या पूर्वसुरीकडे एकाच दृष्टीने पाहिले, तर दोघींमधील खरे अंतर पोशाखाचे नाही, आचाराचेही नाही. ते या एका कागदाचे आहे.

मराठी राज्य म्हणजे या लोकांचे नंदनवन होते, असे मात्र कोणी समजू नये. जेम्स फोर्ब्स हा कंपनीचा नोकर 1775 साली राघोबादादांच्या लष्कराबरोबर होता, आणि 1813 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘ओरिएंटल मेमॉयर्स’ या ग्रंथात त्याने मराठ्यांच्या छावणीतील हिजड्यांचे वर्णन केले आहे. छावणीच्या बाजारात ते पुष्कळ होते, स्वयंपाक्याचे काम करीत, आणि ओळखू यावेत म्हणून अंगावर स्त्रीचा पोशाख व डोईला पुरुषाचे पागोटे असा वेष त्यांस सक्तीने करावा लागे. हे पागोटे माझ्या मनातून जात नाही. राज्याने त्यांस जागा दिली, चूल दिली, सनदही दिली. परंतु ही जागा कोणाची हे दुरून कळावे म्हणून डोक्यावर एक खूणही ठेवली. तथापि छावणीतील शेकडो माणसांनी ज्यांच्या हातचे अन्न खाल्ले, त्यांचा स्पर्श त्या काळी विटाळाचा मानला जात नसावा, असेही त्याच वर्णनावरून वाटते. आज हाटकेशातील कोणत्याही खानावळीत एखाद्या तृतीयपंथी स्त्रीने आचाऱ्याची नोकरी मागितली तर तिला काय उत्तर मिळेल, हे वाचकाने आपल्या मनाशीच ठरवावे.

पेशवाई 1818 मध्ये बुडाली आणि इनामे, वतने, हक्क यांच्या चौकशीचे युग सुरू झाले. नव्या सरकारास प्रत्येक हक्काचा कागद हवा होता आणि प्रत्येक वारसाचे रक्त हवे होते. गुरूमागून चेला हा वारसाक्रम त्या कायद्याच्या चौकटीत बसत नव्हता. रक्ताचा वारस नाही म्हणून जमीन सरकारजमा होऊ लागली. रोकड आणि धान्य यांच्या हक्कांविषयी पुण्याच्या व आसपासच्या कलेक्टरांनी वरिष्ठांस विचारणा केली, तेव्हा नीतीला धक्का देणाऱ्या अशा लोकांच्या भिक्षेला सरकारने आपले बळ का द्यावे, असा प्रश्न उपस्थित झाला, आणि पूर्वीच्या सरकारांनी मान्य केलेला असला तरी असा हक्क चालू ठेवू नये या दिशेने धोरण ठरत गेले. 1852 च्या कायद्याने इनाम कमिशन अधिकृतपणे कामास लागले तेव्हा तर मोठमोठ्या सरदारांचीही धांदल उडाली. तेथे या निराधार टोळ्यांची बाजू मांडणार कोण? सनद गेली, मागणे मात्र राहिले, कारण पोट राहिले. जे काल खळ्यावरचे माप होते ते आज दारात पसरलेले हात झाले, आणि पुढील शंभर वर्षांत याच पसरलेल्या हातांना गुन्हा म्हणण्यापर्यंत मजल गेली.

उत्तर हिंदुस्थानात हा प्रवास अधिक क्रूरपणे झाला. 1860 च्या दंडसंहितेत 377 वे कलम आले आणि 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा एक संपूर्ण भाग हिजड्यांसाठी लिहिला गेला. पोलिसांनी त्यांची नावे व राहण्याची ठिकाणे नोंदवहीत घ्यावीत. नोंद झालेल्याने दत्तक घेऊ नये, मृत्युपत्र करू नये, कोणाचे पालक होऊ नये. सार्वजनिक जागी स्त्रीवेषात गावे-नाचावे तर दोन वर्षांपर्यंत कैद. आपल्याकडे मराठवाड्याचे पाच जिल्हे ज्या निजामाच्या राज्यात होते, तेथेही फसली 1329 मध्ये, म्हणजे 1919 च्या सुमारास, असाच नोंदवहीचा कायदा झाला. हैदराबाद शहरात आणि सरकार ठरवील अशा अन्य ठिकाणी राहणाऱ्या हिजड्यांची यादी ठेवण्याचा तो हुकूम स्वातंत्र्यानंतर, भाषावार प्रांतरचनेनंतर, कित्येक सरकारे आली-गेली तरी पुस्तकात तसाच राहिला, आणि तेलंगणाच्या उच्च न्यायालयाने तो रद्द केला तो 2023 च्या जुलैत. एक शतकाहून अधिक काळ एका समूहाचे नाव कायद्याच्या पुस्तकात केवळ संशयित म्हणून राहावे आणि कोणाचेही लक्ष त्याकडे जाऊ नये, यावरून आपल्या लोकशाहीने या माणसांकडे किती वेळा नजर वळवली असेल याचा अदमास होतो.

येथे थोडे आडवळणाने एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. ज्या काळात निजामाच्या राज्यात हा कायदा झाला, त्याच काळात महाराष्ट्र बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकांवर जीव ओवाळून टाकीत होता. नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, शालू नेसून रंगभूमीवर पाऊल टाकीत तेव्हा प्रतिष्ठित घराण्यांतील स्त्रिया त्यांची चापूनचोपून नेसलेली साडी, त्यांचा अंबाडा, त्यांची नथ पाहून घरी तशीच वेषभूषा करीत. पुरुषाच्या देहात अवतरलेले स्त्रीत्व आम्हांस असह्य होते असे मुळीच नाही. तिकीट काढून, दिव्यांच्या प्रकाशात, काही अंकांपुरते ते आम्हांस अतिशय प्रिय होते. नाटक संपल्यावर जो पोशाख उतरवून ठेवतो त्याच्यावर आम्ही प्रेम केले आणि ज्याला तो उतरवता येत नाही त्याला चाळीच्या जिन्याखाली हाकलले. तमाशातील नाच्याच्या वाट्याला टाळ्या आणि उपहास एकाच वेळी आले, ते याच मनोवृत्तीमुळे.

मुंबई शहर वाढले तसे गावगाड्यातून सुटलेल्या या टोळ्या शहरात आल्या. मुंबईतील हिजड्यांची घराणी, म्हणजे लष्करवाला, लालनवाला, पूनावाला, भेंडीबाजार इत्यादी, आपल्या नावांतच आपला प्रवास सांगतात: कोणी छावणीच्या बाजारातून आले, कोणी पुण्याहून, कोणी बाजारपेठेच्या नाक्यावर वाढले. प्रत्येक घराण्याचा नायक, त्याखाली गुरू, गुरूचे चेले, चेल्यांचे नातीचेले. भांडण झाले तर जमातीची पंचाईत बसते आणि दंड ठरतो. एका गुरूकडून दुसऱ्या गुरूकडे जायचे तर रीत, म्हणजे ठरलेली रक्कम, भरावी लागते. ‘पाँव पडती’ म्हणून चेला वाकतो आणि ‘जीती रह’ म्हणून गुरू पाठीवर हात ठेवतो. सनद काढून घेतल्यावरही या लोकांनी आपसांत सनदेसारखीच व्यवस्था टिकवली. कोणत्या मोहल्ल्यात कोणाच्या टोळीने बधाई घ्यायची याच्या हद्दी ठरल्या आणि त्या हद्दी पिढ्यान्‌पिढ्या पाळल्या गेल्या. या व्यवस्थेत माया आहे, आजारपणात तोंडात पाणी घालणारे माणूस आहे. तिच्यात जाचही आहे, कारण चेल्याच्या कमाईवर गुरूचा वाटा असतो, कर्ज चढत जाते आणि दंडाच्या रकमा देता देता कित्येक जणींचे तारुण्य सरते.

बधाई म्हणजे काय हे ज्यांनी केवळ सिग्नलवरची टाळी ऐकली आहे त्यांस कळणार नाही. हाटकेशातील एखाद्या जुन्या चार मजली इमारतीत, बाळंतीण घरी येऊन सव्वा महिना झाला म्हणजे, जिन्यावर प्रथम ढोलकीचा आवाज येतो. दाराशी आल्यावर टोळीतील वडीलधारी बाई चपला बाहेर काढते, बाळाच्या आजीला नावाने हाक मारते आणि बाळ मांडीवर मागते. सुपात तांदूळ, वर नारळ, हळदकुंकू, एक साडी आणि नोटा ठेवल्या जातात. नोटांवरून घासाघीस होते, ती लटक्या रागाने आणि खऱ्या गरजेने होते. मग दोघी जणी गातात, एक नाचते, आणि बाळाला हातावर घेऊन त्याच्या कपाळावरून हात फिरवीत ती बाई आपल्या कानशिलांवर बोटे मोडून त्याची इडापिडा स्वतःकडे घेते. निघताना मिळालेल्या पैशांतला एक रुपया काढून, तो दातांखाली धरून, आजीच्या हाती देते आणि तिजोरीत ठेवायला सांगते. तो रुपया खर्च केलेला घरात कोणी पाहिलेले नसते. ज्यांना स्वतःचे मूल होणार नाही त्यांनी दुसऱ्याच्या मुलाची बला घ्यावी, हा त्या विधीचा भाव आहे.

हा विधी हाटकेशात आटत चालला आहे, आणि त्याचे कारण श्रद्धेचा लोप हे नव्हे. कारण फाटक हे आहे. चाळीला आणि जुन्या इमारतीला दार नव्हते. जिना सर्वांचा होता. नव्या संकुलांना कमान आली, कमानीखाली वॉचमन आला, वॉचमनच्या हाती नोंदवही आली, आणि त्या वहीत नाव, फ्लॅटचा क्रमांक व येण्याचे कारण असे रकाने आले. बधाईला आलेल्या टोळीने कारणाच्या रकान्यात काय लिहावे? घरी नव्याने मूल झाले हे समजण्याचे त्यांचे जुने मार्ग, म्हणजे मोलकरणी, दाया, वाणी, हेही विखुरले. एकेका संकुलात तीनशे-चारशे बिऱ्हाडे राहतात, तरी टोळीला त्यातले एकही दार उघडत नाही. ज्या हद्दीवर एका गुरूच्या दहा चेल्या पोसल्या जात तेथे आता दोघींचाही निर्वाह कठीण झाला, हे साधे अर्थशास्त्र आहे. उरलेल्यांनी लोकल गाडीचा डबा धरला, सिग्नल धरला, आणि ज्यांच्या अंगी तारुण्य होते त्यांनी महामार्ग धरला.

2001 साली निघालेल्या ‘बॉम्बे यूनक’ या माहितीपटाने मुंबईतील एका हिजडा कुटुंबाची हीच स्थिती टिपली होती: आशीर्वादाची मागणी घटते तसतशी देहविक्रयाकडे ढकलली जाणारी माणसे. त्याआधी, 1981 मध्ये, मेरी एलेन मार्क या अमेरिकन छायाचित्रकर्तीचे मुंबईच्या फॉकलंड रोडवरील वेश्यावस्तीच्या रंगीत छायाचित्रांचे पुस्तक प्रसिद्ध झाले, त्यातही पिंजऱ्यांतील स्त्रियांबरोबर हिजडे दिसतात. त्या रस्त्याला आज पठ्ठे बापूरावांचे नाव आहे. ब्राह्मण कुळात जन्मून पवळा या नर्तकीसाठी आणि तमाशासाठी ज्याने जात टाकली त्या शाहिराचे नाव त्या रस्त्याला मिळावे हे मला उचित वाटते. कामाठीपुरा आणि फॉकलंड रोड येथील जागांचे भाव चढू लागल्यावर धंदा तेथून पांगला आणि रेल्वेच्या व महामार्गाच्या रेषेने उपनगरांत, खाडीपलीकडील शहरांत गेला. काशीमिऱ्याच्या परिसरात महामार्गालगत बार आणि लॉज उभे राहिले तेव्हा त्यांच्या सावलीत हा धंदाही येऊन राहिला. शहराला जे जवळ नको पण दूरही नको, ते हद्दीवर जाऊन बसते. मीरा-भाईंदर ही मुंबईची हद्द आहे.

स्वराज्यातील कायद्याने या माणसांना दोन्ही बाजूंनी कोंडले, असे मी जाणूनबुजून म्हणतो. 1959 च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याने भिक्षेची जी व्याख्या केली तिच्यात गाणे, नाचणे किंवा भविष्य सांगणे अशा मिषाने पैसे मागणेही आले. म्हणजे बधाई शब्दशः तिच्यात सापडली. पहिल्या वेळी एक ते तीन वर्षे, आणि पुन्हा पुन्हा सापडल्यास दहा वर्षांपर्यंत भिक्षेकरीगृहात डांबण्याची तरतूद त्यात आहे. आणि भिक्षा सोडून देह विकावा तर 1956 च्या अनैतिक व्यापाराच्या कायद्यात 1986 साली दुरुस्ती होऊन ‘स्त्री अथवा मुलगी’ या शब्दांच्या जागी ‘व्यक्ती’ हा शब्द आला, आणि तोवर त्या कायद्याच्या कक्षेबाहेर असलेल्या हिजड्यांनाही गिऱ्हाईक खुणावल्याबद्दल पकडण्याची वाट मोकळी झाली. देहविक्रय स्वतः गुन्हा नाही असे सांगणारा कायदा त्याच्या भोवतालचे प्रत्येक पाऊल गुन्हा ठरवतो. न्यूयॉर्कातही 1976 चा एक कायदा असाच होता. रस्त्यावर उभे राहणे म्हणजेच धंद्याच्या हेतूने रेंगाळणे असे गृहीत धरून कृष्णवर्णीय पारलिंगी स्त्रियांना त्याखाली वर्षानुवर्षे उचलले गेले, आणि लोकांनी त्यास ‘पारलिंगी होऊन चालण्याचा गुन्हा’ असे नाव दिले. तो 2021 च्या फेब्रुवारीत रद्द झाला. आपला भिक्षेचा कायदा दिल्लीच्या उच्च न्यायालयाने 2018 मध्ये दिल्लीपुरता बव्हंशी घटनाबाह्य ठरविला; ज्या मुंबईच्या नावाने तो जन्मला तेथे तो अजून चालू आहे.

न्यायालयाने काही दिले नाही असे नाही. 15 एप्रिल 2014 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांचा आपले लिंग स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला आणि त्यांस शिक्षण व नोकरीत सामाजिकदृष्ट्या मागास मानून राखीव जागा द्याव्यात असे सांगितले. 2018 च्या सप्टेंबरात 377 वे कलम प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते निष्प्रभ झाले. त्याच न्यायालयाने 19 मे 2022 च्या आदेशात देहविक्रय करणाऱ्यांशी पोलिसांनी सन्मानाने वागावे, असे बजावले. 2019 चा केंद्रीय कायदा मात्र मला फार तोकडा वाटतो. भिक्षेविषयीची तरतूद विरोधामुळे त्यातून वगळली गेली हे चांगले झाले. परंतु तृतीयपंथी व्यक्तीवर लैंगिक अत्याचार केल्यास जास्तीत जास्त शिक्षा दोन वर्षे, असे तो म्हणतो. महामार्गावरून मोटारीत ओढून नेलेल्या बाईच्या देहाची किंमत कायद्याच्या तराजूत इतर कोणत्याही बाईच्या देहाहून इतकी हलकी कशी ठरली, याचे उत्तर तो कायदा करणाऱ्यांनी दिलेले नाही.

या साऱ्या कागदांत त्यांचा स्वतःचा शब्द मात्र फार उशिरा आला. सनद कारकुनाने लिहिली, निवाडा कलेक्टराने, नोंदवही फौजदाराने, चित्रपट परदेशी माणसांनी. मराठीत 2012 साली लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे ‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’ हे वैशाली रोडे यांनी शब्दांकित केलेले आत्मकथन प्रसिद्ध झाले, तेव्हा ठाण्यासारख्या परिचित शहरात वाढलेल्या एका व्यक्तीने आपण होऊन आपली हकीकत मराठी वाचकापुढे ठेवली. मालवणीत गौरी सावंत यांची ‘सखी चारचौघी’ उभी राहिली. त्या 2014 च्या खटल्याशीही निगडित होत्या. सांगलीत देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषदे’च्या जोडीने पुरुष व तृतीयपंथी देहविक्रेत्यांची ‘मुस्कान’ ही संघटना काम करू लागली, आणि धंद्याला धंदा म्हणा, आम्हांस दुरुस्त करायला येऊ नका, असे ती मंडळी सांगू लागली. हे ऐकताना पुष्कळ सुज्ञ माणसे अस्वस्थ होतात, आणि मीही काही काळ अस्वस्थ होतो. पण ज्या बाईला खानावळ कामावर घेत नाही, घरमालक खोली देत नाही आणि बधाईचे फाटक बंद झाले आहे, तिच्यापुढे प्रथम नोकरी, खोली आणि फाटक यांची व्यवस्था न करता नीतीचा प्रश्न मांडणे मला न्याय्य वाटत नाही. जमातीतही बधाईवाल्या धंदेवाल्यांना हलके लेखतात, इज्जत घालवली म्हणतात; परंतु दोघींच्याही वाट्याचे माप एकाच वेळी, एकाच सरकारच्या दफ्तरात रद्द झाले होते, हे त्यांनाही कोणी सांगितलेले नाही.

2011 च्या जनगणनेत देशात 4,87,803 आणि महाराष्ट्रात 40,891 जणांची नोंद स्त्री व पुरुष या रकान्यांबाहेर झाली. हे आकडे अपुरे आहेत यात संशय नाही, कारण नोंदवहीची धास्ती ज्यांच्या रक्तात उतरली आहे ते गणकाला खरे सांगतीलच असे नाही. कर्नाटकाने 2021 मध्ये सरकारी नोकऱ्यांत तृतीयपंथीयांसाठी एक टक्का जागा राखून ठेवल्या. महाराष्ट्राने ते केलेले नाही. परंतु पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेने 2022 साली तृतीयपंथीयांना सुरक्षारक्षक म्हणून, उद्यानांत आणि स्वच्छतेच्या पथकांत कामावर घेतले, त्यांस गणवेश दिला, हजेरीपट दिला आणि महिन्याच्या महिन्याला पगार दिला. मीरा-भाईंदरच्या महानगरपालिकेकडेही उद्याने आहेत, फाटके आहेत आणि रात्रपाळीची पथके आहेत. या शहराने तो हजेरीपट उघडावा अशी माझी मागणी आहे, आणि त्यावर पहिले नाव काशीमिऱ्याच्या नाक्यावर उभ्या असलेल्या बाईने स्वतःच्या हाताने लिहावे.